लतिकाबाईंची साक्ष

लतिकाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन गुडगावच्या एका नव्या खासगी हॉस्पिटलात झालं. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलेल्या बाईंना सरकारी दवाखाना चालला असता, पण मुलगा परीक्षित ऐकेना. नव्यानंच आलेल्या परदेशी कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता, आणि खर्च कंपनीच करणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलाइनची सुई सरकून बाईंचा हात सुजला. परीक्षितनं घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. नर्स लिसी धावत आली. सगळा वॉर्ड एकटीकडे आहे, असं ती सांगत होती, पण त्याचा आवाज चढतच गेला आणि त्यानं तिला ढकललं. ती औषधांच्या ट्रॉलीवर आदळली आणि मनगट धरून खाली बसली. बाई पलंगावरून पाहत होत्या.

हॉस्पिटलचे मॅनेजर आले. पाय घसरला तिचा, परीक्षित म्हणाला. मॅनेजरनी अदबीनं बाईंना विचारलं, "माताजी, आपने कुछ देखा?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. गुंगी असेल असं समजून मॅनेजरनी उलट परीक्षितचीच माफी मागितली.

संध्याकाळी इंजेक्शन द्यायला दुसरी नर्स आली, ती वॉर्डबॉयला दारात उभं करूनच. लिसीचं मनगट मोडल्याचं तिच्याकडून कळलं. आपणच घसरलो असं लिहून दे, नाहीतर नोकरी सोड, असं तिला सांगितलं होतं म्हणे.

बाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. वर्गात कुणी कुणाला मारलं, तर पाहणाऱ्यानं उभं राहून सांगायचं, हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं. पती दीनानाथ म्हणाले, "जाऊ दे ना. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सकाळी टाके सांभाळत त्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. हाताला प्लास्टर घातलेली लिसी तिथंच उभी होती. बाई हिंदीत म्हणाल्या, "माझ्या मुलानं हिला ढकललं. मी पाहिलंय. पोलिसांपुढंही सांगेन."

मॅनेजरनी विषय टाळायचा प्रयत्न केला. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी लिसीची माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "आंटी, काल तुम्ही जाग्या होतात. मी तुमच्याकडेच बघत होते."



लिसीनं तक्रार केली. परीक्षितला चौकीत बोलावलं, कंपनीतही कळलं. कितीतरी दिवस तो आईशी बोलला नाही. वॉर्डात दोन नर्स आणि दाराशी एक गार्ड आला. लिसीची नोकरी टिकली.

टाके काढायला बाई गेल्या, तेव्हा ती काउंटरवर एका हातानं फाइली लावत होती. तिनं बाईंना ओळखलं आणि पुढची फाइल उचलली. बाई पदर सावरत बाकावर बसून राहिल्या.