आर्क डावीकडे कलतो

चौथ्यांदा वेल्डिंगचा आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, त्याच जागी विझला. भावाने चेहऱ्यावरचा वेल्डिंगचा मुखवटा झटक्यात वर केला.

"ताई, तुझ्या यंत्राला नाचता येईना, आणि अंगण वाकडं!"

तो वेल्डर, ती त्याच कारखान्यात इंजिनियर. चार बोटं जाड पोलादी प्लेटींमधली खाच थरावर थर देऊन भरायची होती. आर्क जिच्या टोकातून निघतो त्या यंत्रावरच्या टॉर्चजवळ तिने कॅमेरा बसवला होता. आर्क जरा सरकला की प्रोग्राम त्याच क्षणी टॉर्च सावरून घ्यायचा. सावरता आलं नाही तर काम थांबवायचा.

"मॅडम, काढा तो कॅमेरा," मागे उभे असलेले कारखान्याचे साहेब म्हणाले.

"थांबतंय म्हणजे काहीतरी दिसतंय त्याला. तेवढा थर खरवडून बघू."

भावाने कुरकुरत ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडाल्या, आणि आत निघाला स्वच्छ, चकचकीत धातू. एक छिद्र नाही.

"डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही!" साहेब हसत निघून गेले.

तिचे कान तापले. दात-ओठ खात तिने कॅमेऱ्यातलं चित्रण हळू करून पाहिलं. आर्क डावीकडे कलत होता. प्रोग्राम टॉर्च उजवीकडे ओढायचा, आणखी ओढायचा, शेवटी हात टेकायचा. धातूत दोष नव्हताच. मग आर्कला ओढतंय कोण?

ती वाकून प्लेटीखाली शिरली. अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे करंट परत नेणाऱ्या केबलचा चिमटा, नेमका त्याच जागी चावून बसला होता. तिथून परतणाऱ्या करंटचं चुंबकत्व आर्कला खेचत होतं.

"हा इथे कुणी लावला?"

"मीच," भाऊ ओशाळला. "केबल आखूड पडत होती."

"आणि मी सकाळपासून प्रोग्रामच उसवत बसलेय!"

केबलला जोड देऊन त्यांनी क्लॅम्प पार टोकाला नेला. आर्क सरळ चालला. पण खरवडलेली जागा पुन्हा भरता भरता संध्याकाळ झाली. तपासणीत वेल्डिंगचा जोड निर्दोष निघाला.

"जोड उत्तम," साहेब म्हणाले, "पण दिवस फुकट गेला. उद्यापासून कॅमेरा बंद."

"अहो साहेब, कॅमेऱ्यामुळेच तर—"

"सांगितलं ना?"

ते गेल्यावर ती वायरी उपटायला लागली. भावाने तिचा हात धरला.

"तोडशील अशाने. राहू दे."

"बंद ठेवायला सांगितलंय."

"तुला सांगितलंय. मला कुठे?"

तिला हसू आलं नाही. पण हातातली वायर तिने सोडून दिली.