ऊर्जाकुटीतला एसी

१४२

आखातातल्या सीब गावाच्या पलीकडे, समुद्रालगतच्या मोकळ्या मैदानात, शुक्रवारी सकाळी दोनशे माणसं एका पांढऱ्या ट्रेलरसमोर हात जोडून उभी होती. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज. बाहेर विजेचा खांब नाही, जनरेटर नाही, छतावर सोलर नाही. तरी आत एसी चालू, दिवे चालू, आणि किटलीत चहाचं पाणी खदखदत होतं.

वाकून खालून बघणाऱ्यांत निम्मे इंजिनीअर होते. मीही इंजिनीअर, तोही इलेक्ट्रिकलचा. मीही वाकलो. खाली वाळू होती.

वरचा आकडा मैत्रीचा. मैत्री माझी पुतणी, अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणं थांबवलं. तिच्या दंडावर सेन्सर आहे. रक्तातली साखर किती, ते माझ्या फोनवर येत राहतं. १४२ म्हणजे ठीक.

सकाळपासून तिला इन्सुलिन दिलेलं नव्हतं.

१९८

"ही वीज कुठून आली?" हे शिबिर घेणारे निशांतजी माइकवर विचारत होते. पांढरा कुर्ता, भारी घड्याळ. "सरकारनं दिली? नाही! तारेतून आली? नाही! ही साधनेची वीज आहे, मित्रहो. क्वांटम प्राण! माझी ऊर्जा दीड टनाचा एसी चालवते. तुमचं स्वादुपिंड किती टनाचं आहे?"

हशा. टाळ्या. मैत्रीची आई, श्वेतावहिनीसुद्धा हसली. तिला हसताना पाहून किती महिने झाले होते, मला आठवेना.

दाराशी एक परडी होती. ऊर्जाकुटीत, म्हणजे त्या ट्रेलरमध्ये, शिरण्याआधी औषधं तिच्यात टाकायची. गोळ्या, इन्हेलर, पट्ट्या. मैत्रीची दोन्ही इन्सुलिन पेनं त्यांतच पडली होती. आजचा दिवस निभावला की सुया कायमच्या बंद, असं वहिनीनं ठरवलं होतं. आज मी जबरदस्तीनं पेन उचललं असतं, तर उद्या काय? उद्या मी वादी अदाईत, माझ्या घरी, ती सीबला.

"दादा," मी मैत्रीच्या बापाला, राकेशदादाला म्हटलं, "तू पूल बांधतोस. खांबाशिवाय उभा राहिलेला पूल पाहिलायस कधी?"

"दिवसाला चार सुया, प्रेम्या. तू टोचतोस का?"

"आपल्या घरात बाबांनी साधा नवस होऊ दिला नाही."

"बाबांच्या वेळी नातीला सुया नव्हत्या."

दादा मूर्ख नाही. दमलाय. दमलेल्या माणसाला पटवताना आपणही दमतो.

"तीनशेच्या वर गेलं की मी कुणाचं ऐकणार नाही," एवढंच म्हणालो.

२६१

प्रसादाचा शिरा खाऊन झाला. मैत्री माझ्याशेजारी बसून तिसरी पाण्याची बाटली संपवत होती. साखर चढली की तिला अशीच तहान लागते.

"काका, एक सांगू? रागवू नको."

"सांग."

"ते किटल ऑन करतात ना... मग थोड्या वेळानं ती गाडी मोठी ओरडते."

"कुठली गाडी?"

तिनं बोट दाखवलं. ट्रेलर ओढून आणणारी पिकअप. अजून ट्रेलरला जोडलेलीच. जोडाच्या दांडीवर झेंडूच्या प्लास्टिक माळांचा जाड थर.

"आधी किटल. मग गाडी. लाइक माय शुगर. मी आधी खाते, मग नंबर वर जातो. मी थ्री टाइम्स चेक केलं."

मी कान दिला. इंजिन चालू होतं. केव्हापासून? सकाळपासून असावं. आमच्यापैकी कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं, कारण आखातात उभी गाडी चालूच असते. दुकानात जाताना, फोनवर बोलताना, चहा येईपर्यंत, एसीसाठी इंजिन सुरू. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकून आमचे कान त्याला सरावले होते. दोनशे माणसांनी ट्रेलर तपासला. पिकअप कुणी पाहिलीच नाही. तिचं काम ओढण्याचं.

३०४

फोन किंचाळला. मी परडीकडे निघालो. मैत्री पिकअपकडे. तिला आणायला मी मागे वळलो.

ड्रायव्हर बदरुद्दीन, रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. काच खाली करून म्हणाला, "काय गो?"

"चाचा, गाडी बंद करा ना. दोन मिनिटं."

"अर्बाबनं, मालकानं सांगितलंय, बंद करायची नाय. नोकरी जाईल माझी." मग त्याला तिच्या दंडावरचा सेन्सर दिसला. "सुई घेतेस तू?"

"आज नाही दिली."

"माझी आईपन घेते गावाला. मी तिला कधी बोललो नाय बंद कर म्हणून." त्यानं किल्लीला हात घातला. "यल्ला, चल," म्हणाला आणि गाडी बंद केली.

ऊर्जाकुटी अंधारली. एसी थांबला. माइक मेला.

"कुणाच्या तरी मनात पाप आहे!" निशांतजी दारात येऊन ओरडले. "शंकेनं ऊर्जा परत गेली!"

"चाचा, ऑन," मैत्री म्हणाली.

दिवे लागले.

"ऑफ."

गेले.

"ऑन."

"झालं का मन शुद्ध?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. पहिल्यांदाच हशा निशांतजींच्या बाजूनं नव्हता.

मी माळा उचलल्या. खाली अंगठ्याएवढी जाड काळी केबल. एक टोक ट्रेलरच्या सॉकेटमध्ये, दुसरं पिकअपच्या हौद्यात, तिथल्या प्लगला. काही नव्या पिकअपमध्ये जनरेटर अंगातच असतो. लोड कमी असेल तर बॅटरी भागवते आणि गाडी पुटपुटते. किटली लावली की इंजिन जोर धरतं. तळाशी पेट्रोल, साधना नव्हे.

"ते माध्यम आहे!" निशांतजी म्हणाले. "ऊर्जा माझीच!"

"मग गाडी बंद ठेवून चालवा," मैत्री म्हणाली. सगळ्यांसमोर, न अडखळता.

वहिनी परडीत हात घालून पेन शोधत होती. गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडत होत्या. पेन सापडलं, पण टोपण निघेना. दादानं तिच्या हातातून घेतलं, सुई बसवली, आकडा फिरवला, आणि टोचली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं टोचली.

१७६

संध्याकाळचा आकडा.

त्या मैदानातून परतताना तिघांनी मला सांगितलं की केबल ठीक आहे, पण त्यांना आत काहीतरी जाणवलं होतं. एसी होता तो, मी म्हटलं. त्यांना राग आला. बदरुद्दीनची नोकरी खलास झाली. हल्ली तो हमरियात चुलतभावाच्या दुकानात बसतो. निशांतजी दुसऱ्या मैदानात असतील, माळा बदलल्या असतील.

मला भाषण येत नाही, आणि थकलोही आहे. म्हणून एवढंच. चमत्कार दिसला तर त्याच्याखाली वाकू नका. तो कशाला जोडलाय ते बघा. आणि तुमच्या लेकराचं औषध बंद करा म्हणणाऱ्याला म्हणावं, आधी तुमची गाडी बंद करा.