नातीच्या आंबिलीतली पावडर

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी शोधलं आणि म्हातारपणी स्वतःच्या नातीच्या आंबिलीत चोरून दूध घातलं. यातलं पहिलं काम मी अभिमानाने सांगतो. दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी काशिनाथ. सांगलीकडच्या एका दूध संकलन केंद्रात फॅट तपासायचो. बायको गेल्यावर मुलगा मंदार मला इकडे दक्षिणेत, तांबरमला घेऊन आला. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. सून श्रीरंजनी तंजावरच्या मराठी घरातली. मला ती मामंजी म्हणते, आणि तिचं मराठी ऐकलं की आपणच भाषा कालपरवा शिकलो असं वाटतं. ती एका प्रयोगशाळेत दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांची हाडं तपासते. म्हणजे आमचं सगळं घरच तपासनीसांचं.

नात जननी अकरा वर्षांची; आजोबांना इकडच्यासारखं ताता म्हणते. शाळेत सिलंबम खेळते, म्हणजे लाठी फिरवते. एप्रिलमध्ये सरावात घसरून पडली आणि डावा हात मनगटाजवळ मोडला. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी कॅल्शियम वाढवायला सांगितलं. पण दूध तिला कधी सोसलंच नव्हतं. पेलाभर प्यायली की पोट फुगायचं, कळा यायच्या. तेव्हा श्रीरंजनीने डॉक्टरांना विचारून दही, ताक, तीळ आणि नाचणी असं ठरवलं. रोज सकाळी ताकातली नाचणीची आंबील करायचं काम माझ्याकडे आलं.

मला काही ते पटलं नव्हतं. दूध सोडून हाडं भरायची म्हणजे पायाशिवाय भिंत बांधायची, असं माझं मत. दूध सोसत नाही हे मला लाडाचं वाटायचं. मी तिला ऐकवायचो, ‘मी दुधावर वाढलो, म्हणून सत्तरीतही तीन मजले चढतो.’ मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध पावडर आणली आणि आंबिलीत दोन चमचे ढवळून टाकली. थोडं थोडं पोटात गेलं की सवय होईल, हा माझा शहाणपणा.

सवय काही झाली नाही. दोन आठवड्यांत जननीचं पोट रोज दुखायला लागलं. पोरीने आपल्या मनानेच ठरवलं की आपल्याला नाचणीही सोसत नाही. आंबील सोडली, ताक सोडलं, दहीभातसुद्धा सोडला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर ताकाला शिवेनाच. गळ्याखालची हाडं दिसायला लागली. सिलंबमची निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली होती आणि तिच्या हातात लाठी ठरत नव्हती. श्रीरंजनीने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली; ते नळी घालून पोट तपासणार होते. दुखण्याचं कारण मला माहीत होतं आणि मी मूग गिळून बसलो. पोरीची काळजी होतीच, पण सुनेच्या नजरेची भीती त्याहून मोठी होती.

वर माझा हेका सुरूच. त्या शनिवारी मी म्हटलं, एवढं सगळं बंद झालंय तर आता दूधच देऊन बघा. श्रीरंजनी कोपली नाही. चला मामंजी, हाडंच बघा, म्हणाली आणि मला प्रयोगशाळेत घेऊन गेली.

दारातच एका मुलीने माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा नमुना घेतात, नाहीतर हाडात सापडलेलं जनुक मेलेल्याचं की पाहुण्याचं ते कळत नाही. मला हे आवडलं. आम्हीही आधी रिकामी बाटली तपासायचो, मग दूध.

काचेपलीकडे एका बाईची हाडं मांडून ठेवली होती. श्रीरंजनीने सांगितलं की बाळपण सरल्यावरही दूध पचायला जनुकात एक बदल लागतो. गुरं पाळणाऱ्या काही लोकांत तो पसरला, आपल्या देशात उत्तरेकडे जास्त, दक्षिणेत कमी. या बाईत तो नव्हता. तरी मांडीचं हाड भरीव होतं, आणि दंडावर स्नायू चिकटतात तिथे चांगले उंचवटे होते. जन्मभर कांडण, दळण, पाणी वाहणं केलं असणार. एका बाईवरून सगळ्यांचं ठरत नाही, हेही श्रीरंजनीनेच बजावलं. मग तिने डाव्या मनगटाजवळच्या जाड गाठीकडे बोट दाखवलं.

"हे मोडलं होतं, मामंजी. तरुणपणीच. मग जुळून आलं."

"दुधावाचून?"

"दुधावाचूनच की."

मी वाकून त्या गाठीकडे नीट बघितलं. जननीचा हातही नेमका तिथेच मोडला होता.

"श्रीरंजनी," मी म्हटलं, "आंबिलीत मी दूध पावडर घालत होतो."

डोळे भरून आले तिचे. मग एवढंच म्हणाली, "जननीला तुम्हीच सांगा. माझ्याकडून नको."

संध्याकाळी जननीला सांगितलं.

"ताता, म्हणजे माझं पोट खोटं बोलत नव्हतं?"

"नाही ग. मीच खोटा वागलो."

मोठ्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी जननी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी पीठ कालवताना, ताक ओतताना तिची नजर माझ्या हातावर. पेला पुढे केला तर म्हणाली, "आधी तुम्ही." तेव्हापासून रोज पहिला घोट माझा. मी गिळेपर्यंत ती थांबायची, मग स्वतः प्यायची. चौतीस वर्षं तपासणी केली, पण तपासून घेताना काय वाटतं ते आत्ता कळलं. हळूहळू पोट शांत झालं, नळीची गरजच पडली नाही. दहीभात ताटात परतला.

तीन आठवड्यांनी माझ्या नमुन्याचा निकाल आला. दूध पचवणारा तो बदल माझ्यातही नव्हता. मी आधी यंत्रालाच दोष दिला. मग आठवलं, आई दूध आलं की विरजण लावायची, आणि केंद्रावर मी दिवसभर ताकावर असायचो. दूध पोटात जायचं ते चहापुरतं. दुधावर वाढलो हे इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. जननी पोट धरून हसली, आणि या वेळी पोट दुखत नव्हतं.

चाचणीच्या सकाळी लाठी दाराशी तयार होती. मी सवयीने पेला ओठाशी नेला, तर जननीने तो मध्येच काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"ताता, उशीर होतोय," म्हणाली आणि लाठी घेऊन जिना उतरलीही.

माझा घोट त्या दिवशी राहूनच गेला. पेला विसळताना मला रडू आलं.