बोकडाचा कान

रामप्रसादचा देवावर विश्वास का नाही, हे अंबडमधल्या निदान हजारभर माणसांना तोंडपाठ होतं. तीस वर्षं त्यानं शाळेत विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी पहिल्या तासाला, पुस्तक उघडायच्या आधी, बोकडाची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. तो नऊ वर्षांचा होता. थोरला भाऊ बद्रीनाथ अकरा वर्षांचा, आणि त्याला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस ताप उतरेना, तेव्हा आईनं शिवारातल्या पिराला कंदुरी बोलली. कंदुरी म्हणजे बोकड कापायचा आणि गावाला जेवू घालायचं. घरात बोकड एकच होता, हिऱ्या. त्याची माय मेल्यावर रामप्रसादनंच त्याला बाटलीनं दूध पाजून जगवला होता. त्यांच्या घरची रीत अशी की बोकडाला दर्ग्यासमोर उभं करून अंगावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं की पिरानं कबूल केला. नाही झाडलं, तर घरातल्या कोणाच्या तरी मनात खोट आहे. हिऱ्या अर्धा तास ढिम्म उभा राहिला. हळूहळू सगळे रामप्रसादकडे बघायला लागले. मग कडूबा काका तांब्या घेऊन पुढं झाला आणि गोंजारल्यासारखं करून त्यानं बोकडाच्या डाव्या कानात चूळभर पाणी सोडलं. कानात पाणी गेल्यावर बोकड अंग झाडणारच. हिऱ्यानं झाडलं. "कबूल! कबूल!" गाव ओरडलं.

"मी डाव्या बाजूला उभा होतो," रामप्रसाद वर्गाला सांगायचा. "माझा भाऊ उजव्या बाजूला, बैलगाडीत गोधडीत गुंडाळलेला. तो बरा झाला. आज तो रोज दोन तास पूजा करतो आणि मी तुम्हाला विज्ञान शिकवतो. फरक फक्त बाजूचा आहे." पोरं हसायची. पुढं काय झालं ते तो सांगत नसे. पुढं त्यानं सदऱ्याच्या टोकानं हिऱ्याचा कान पुसला होता, आणि मग सुरी घेऊन मुलाणी आला होता.

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि श्रोते संपले. त्याच सुमारास बद्रीनाथचा फोन आला. बद्रीनाथ शहागडच्या अलीकडं, गावी, शेती आणि आईला सांभाळून होता.

"मायचा एक डोळा गेला," तो म्हणाला. "काचबिंदू. दुसरा महिनाभरात जाईल म्हणून राह्यला डॉक्टर. ऑपरेशन करावं लागतं."

"मंग करा की जल्दी!"

"ती म्हणती, पहिले पिराला, मंग डॉक्टरला. दोन तारखा मोडल्या तिनं. कंदुरी बोलली. अन् दोघं भाऊ हजर पाहिजेत."

नवस साधारणपणे काम झाल्यावर फेडतात. आईचं, सगुणाबाईंचं, वय ऐंशी. त्यांना थांबायला वेळ नव्हता. रामप्रसाद फोनवर पाऊण तास बोलला. अंधश्रद्धेवर त्याचं इतकं चांगलं भाषण शाळेतसुद्धा झालं नव्हतं. पलीकडून बद्रीनाथ "बराबर आहे" म्हणत राहिला आणि शेवटी म्हणाला, "गुरुवारी सकाळी नऊला ये. संध्याकाळी पाचला जालन्यात भरती करायचंय. ही तारीख मोडली, तर पुढची न्हाई म्हणून सांगितलं त्यांनी."

गुरुवारी रामप्रसाद साडेआठलाच हजर होता.

दर्ग्यासमोरच्या लिंबाखाली सगुणाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी बोकडाच्या पाठीवर तळहात ठेवला होता. बोकड काळा होता, आठवडी बाजारातून आणलेला. त्याला नाव नव्हतं, आणि रामप्रसादला ते बरं वाटलं. बद्रीनाथनं ऊद जाळला, पाणी शिंपडलं आणि पायरीवर डोळे मिटून जप करत बसला. मुलाणी चाचा सावलीत बसून होते. अंग झाडण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्यांना फक्त कधी उठायचं ते कळायला हवं होतं. भाड्याची गाडी रस्त्यावर उभी होती.

दहा वाजले. बोकड रवंथ करत होता. पुन्हा पाणी शिंपडलं. अकरा वाजले. मग बारा.

"कोणाच्या तरी मनात खोट आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

कोणाच्या, ते कोणी विचारलं नाही. रामप्रसादला पन्नास वर्षांपूर्वीसारखंच कान तापल्यासारखं झालं.

"माय, डोळ्याची नस एकदा मेली की परत येत न्हाई," तो म्हणाला. "मेलेलं जितं होत न्हाई."

"पीर मेल्यावर बी राह्यलाच की."

यावर विज्ञानात उत्तर होतं, पण ते लांब होतं.

"त्यानं न्हाई झाडलं तर मी डोळ्याला जाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याची मर्जी न्हाई म्हणायचं, अन् बसायचं अंधारात." असं म्हणून त्या बोकडाला थोपटू लागल्या. रामप्रसादला आईचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. महिनाभरानं माय आपल्याला आवाजावरून ओळखणार, असं त्याच्या मनात आलं.

एक वाजला. बद्रीनाथचे डोळे मिटलेले होते. मुलाणी चाचांना डुलकी लागली होती. रामप्रसादनं तांब्या उचलला. गोंजारल्यासारखं करून तो खाली वाकला आणि त्यानं बोकडाच्या डाव्या कानात चूळभर पाणी सोडलं.

बोकडानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

"कबूल!" सगुणाबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की चाचा जागे झाले. आईच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. "आता चला डोळ्याला. कुठं नेता तिथं न्या."

बद्रीनाथ पायरीवरून उठला. त्यानं रामप्रसादच्या हातातला तांब्या घेतला, राहिलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काकानं बी डावाच कान धरल्ता."

"तू... तू तर उजव्या बाजूला होता!"

"गाडीत होतो. गाडी उंच असती. वरून दोन्ही कान दिसतात."

तीस वर्षांच्या पहिल्या तासांचं आता काय करायचं, हा प्रश्न रामप्रसादला पडला. "पाहिलंस, अन् तरी देवदेव करून राह्यला?"

"सगळं गाव हात बांधून उभं होतं. काका एकटा पुढं झाला. तेव्हा वाटलं, आता आपण मरत न्हाई. देव आहे."

"अरे, तो काका होता!"

"बराबर," बद्रीनाथ म्हणाला. "काकाच होता." आणि तो गाडीवाल्याला हाक मारायला गेला.

मुलाणी चाचा उठून सुरी घेऊन येत होते. रामप्रसाद बाजूला सरकला, तशी आईनं त्याची बाही धरली.

"रामा, कान पूस त्याचा."

"कोणाचा?"

"बोकडाचा. ओला आहे. तेव्हा तू हिऱ्याचा पुसल्ता, तसा."

हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्गाला नाही, बायकोला नाही. "तुला दिसल्तं?"

"तेव्हा दोन्ही डोळे होते मला," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरगं रडत होतं, अन् मी कबूल कबूल ओरडत होते. एक वाचवायचं होतं रे. तुझ्याकडं पाहिलं असतं, तर तोंडातून शब्द फुटला नसता."

रामप्रसादनं खिशातून रुमाल काढला आणि उकिडवा बसला. बोकडाचा कान त्यानं आतून, बाहेरून, घड्या उलटून नीट पुसला. डोळे वाहायला लागले तेव्हा रुमाल ओला झालेला होता, म्हणून त्यानं ते बाहीनं पुसले. सगुणाबाई खुर्चीत त्याच्याकडं तोंड करून बसल्या होत्या. चाचा थोडे अलीकडेच थांबले होते.

"पुसून झालं का?" सगुणाबाईंनी विचारलं. "मंग चला जल्दी. पाचला पोचायचंय."