तोंड झाकून

दुकानात पाऊल टाकलं की आधी पाणी येतं, मग खुर्ची, मग लेकीच्या हातात फुगा. इतकी गोड वागणारी माणसं मला पचत नाहीत. लेकीचं कानाचं मशीन तिथंच दुरुस्तीला दिलं होतं. मशीन लावून देणारा दादा खेळणी मांडून तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. "चेंडू कुठाय, राणी?" तिनं चेंडूवर बोट ठेवलं. "आणि मांजर?" मांजरही दाखवली.

"ठणठणीत आहे, ताई. कंपनीतून फोन येईल, तेवढं चांगलं सांगा."

घरी स्वयंपाकघरातून हाका मारून माझा घसा बसला. पोरीनं मान वळवली नाही.

"आईवर गेलीय. हवं तेवढंच ऐकते," सासूबाई म्हणाल्या.

"तुझ्यासमोरच तपासलं ना?" नवरा म्हणाला. "तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं."

कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. लेकीला कडेवर घेतलं आणि सरकारी दवाखाना गाठला. कान तपासणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही.

"मशीन कुठलं?"

"दुकानातलं."

"मग दुकानात जा."

"तिथं जाऊन आले. ते म्हणतात, ठीक आहे."

"आणि तुम्ही?"

"मला पटत नाही."

आता कुठं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीला बुटक्या टेबलाशी बसवलं, पुढ्यात खेळणी मांडली, मला तिच्यासमोर बसायला लावलं आणि स्वतः तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. ही काय तऱ्हा? पोरीचं तोंडसुद्धा बघायला नको यांना?

"चेंडू," त्या म्हणाल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी चेंडूकडे पाहिलं. तिनं लगेच चेंडू उचलला.

"डोळे मिटा, बाई. आया डोळ्यांनीच उत्तर सांगतात."

मी डोळे मिटले. "मांजर. मांजर. गाडी." एकही खेळणं हलल्याचा आवाज आला नाही.

"मशीन मुकं आहे. पोर ओठ वाचते, आणि ओठ दिसले नाहीत तर तुमचा चेहरा. समोर बसून हसत विचारलं की ही दरवेळी पास. त्या दुकानदाराला सांगा, तोंड झाकून तपास म्हणावं." त्यांनी कपाटातून एक जुनं मशीन काढलं आणि लेकीच्या कानात बसवलं. "तोवर हे वापरा."

आजवर तिनं ऐकलं म्हणून मी किती वेळा पापे घेतले होते. त्यातलं किती ऐकलेलं, किती नुसतं पाहिलेलं?

मी तिच्या मागे गेले. हाक मारायचा धीर होईना. "चिमणे," पुटपुटले.

ती वळली. बाई मान हलवून पुढच्या पेशंटला बोलवायला निघाल्या.

पण समोर खिडकीची काच होती. त्यात मी दिसले असेन तर? मी दाराबाहेर गेले, भिंतीला पाठ लावली, पदर तोंडावर धरला आणि पुन्हा हाक मारली.

आतून खुर्ची सरकली. "आई, कुठंयस?"