तीस सेकंद

गुरुवारी सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगला निघाले होते.

"कात्रीबाई, माझा डबा उघडत नाहीये."

कात्री हे माझं ऑफिसातलं नाव. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो आणि त्यातला जुना कोड छाटण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या महिन्यात मी कर्नेलशी, म्हणजे यंत्राच्या गाभ्याशी, बोलायची जुनी रीत कायमची काढून टाकली होती. डबा म्हणजे कंटेनर, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बंद करून ठेवायची सोय. बाबा वेधशाळेतून निवृत्त झाले, तरी घरच्या गच्चीवरचं तापमान रोज स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये भरायचे. तो प्रोग्राम त्याच्या सगळ्या जुन्या सामानासकट मीच सात वर्षांपूर्वी कंटेनरमध्ये बंद करून दिला होता. आतल्या सामानाला जुनीच रीत ठाऊक होती.

"नवी आवृत्ती आली असेल, बाबा. दोन वर्षं इशारा देत होतो आम्ही."

"मला कुठं काय सांगितलंस?"

"स्क्रीनवर यायचं की. मशीन तीस सेकंद थांबायचं."

"ते होय. ते वाचायचो मी रोज."

"मग काही केलं का नाहीत?"

"वाचायचो," ते पुन्हा म्हणाले. "बरं, आता काय करू?"

"पाठवते," म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरता शिरता त्यांना मेसेज केला. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही जे ठरलेलं उत्तर चिकटवतो, तेच: जुन्या व्यवस्थेला दिला जाणारा आधार बंद करण्यात आला आहे, कृपया आपला कंटेनर अद्ययावत करावा. खाली लिहिलं, शनिवारी फोन करते.

"बरं," असं उत्तर आलं.

शुक्रवारी पहाटे झोपेतच ते गेले.

पंधरा दिवसांनी येणारे-जाणारे थांबले. आई त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "त्यांचं ते मशीन चालू करून दे ना. त्याच्या पंख्याची घरघर बंद झाल्यापासून घर खायला उठतं."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. बसायची उशी एका बाजूला दबलेली होती. मी आमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत चढवली. दहा मिनिटांचंही काम नव्हतं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर माझंच वाक्य आलं: ही पद्धत लवकरच बंद होणार आहे, तीस सेकंदांत पुढे जाऊ. लोकांनी वैतागून बदल करावा, म्हणून तो थांबा मी मुद्दाम घातला होता.

"हेच," आई मागून म्हणाली. "हे आलं की चहाचा कप हातात तसाच धरून बसायचे. म्हणायचे, थांब, कन्या बोलतेय."

"तू काय म्हणायचीस?"

"मी म्हणायचे, तिला फोन करा की. तर म्हणायचे, ती कामात असते."

तो थांबा बंद करायला एक ओळ पुरते. आमच्या माहितीपुस्तिकेत ती दिलेली आहे आणि बाबा पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी ती ओळ घातली नव्हती.

तीस सेकंद संपले. पंखा घुमू लागला आणि डबा उघडला. तारखांसमोर तापमानाचे आकडे, एकही दिवस चुकलेला नाही. शेवटचा आकडा बुधवारचा.

आई चष्मा लावून वाकली. "गुरुवारी का नाही भरलं? तब्येतीत काहीतरी जाणवत असणार. आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत."

असंच ती पंधरा दिवस आल्यागेल्याला विचारत होती, आपल्या नजरेतून काय सुटलं म्हणून. मी प्रत्येक वेळी शेजारीच बसलेली असायचे.

"त्यांना काही जाणवत नव्हतं, आई," मी म्हणाले. "मशीन माझ्यामुळे बंद पडलं होतं. त्यांनी मला फोन केला होता. आता केलं तेवढंच करायचं होतं, आणि मी त्यांना परक्या माणसाला देतात ते उत्तर पाठवलं."