दोन शब्दांमधली जागा

चिमीच्या स्क्रिप्टला, म्हणजे तिने संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला, स्वतःच्या हाताने काही करायची सवयच नव्हती. फाइल हलवायची असो, नक्कल काढायची असो की जुनं पुसायचं असो, ती एक आज्ञेचं वाक्य जुळवायची आणि खाली शेलकडे भिरकावून मोकळी व्हायची. शेल म्हणजे संगणकाच्या पोटातला गडी. लेखी आज्ञा दिली की तोंडातून ब्र न काढता पार पाडणारा. फक्त त्याची वाचायची एक रीत आहे. मोकळी जागा दिसली की तिथे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला, असं तो धरून चालतो. तुमच्या मनात काय होतं, हे विचारायला तो येत नाही.

चार वर्षांपूर्वी स्क्रिप्ट लिहिताना चिमीला हे चांगलं ठाऊक होतं. अख्खं वाक्य न देता आज्ञेतला एकेक शब्द शेलच्या हातात वेगवेगळा ठेवावा, म्हणजे नावात जागा असली तरी नाव फुटत नाही, हे ती नव्याने कामाला लागलेल्यांना खडसावून शिकवायची. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये मात्र तिने त्या ओळीशेजारी शेरा मारून ठेवला होता : ‘नावात जागा आली तर बोंब. नंतर नीट करू.’ ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही. गरजच पडली नाही म्हणा. त्यांच्याकडे फोल्डरांना नावं नसायचीच, आकडे असायचे.

ती नोकरीला होती ती जागा म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. ज्यांचा आवाज जाणार आहे अशी माणसं आधी तिथे यायची, भिंतींना फोम चिकटवलेल्या छोट्या खोलीत बसून पाचसहाशे वाक्यं वाचायची, आणि त्या वाक्यांतून यंत्र त्यांचा आवाज पुन्हा घडवायचं. मग घरी गेल्यावर माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं. ध्वनिमुद्रण करायचा तो एक पन्नाशीचा माणूस. शेजारच्या खोलीतलं कुजबुजणंही त्याला ऐकू यायचं, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. संगणकाचं सगळं चिमीकडे. दोघांच्या वर मोठ्या बाई. एवढाच कारभार.

तिथे एके दिवशी चिमीचे बाबाच रुग्ण म्हणून आले.

बाबा जन्मभर मुद्रितशोधक. छापखान्यातून ओल्या शाईचे कागद यायचे आणि बाबा त्यांतल्या चुका वेचायचे. वेलांटी चुकलेली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि एकमेकांना चिकटलेले दोन शब्द दिसले की तोंड कडू व्हायचं. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. चिमी त्रेचाळिसाची झाली तरी बाबांच्या लेखी चिमीच होती, आणि ती कामावरून येऊन दारातून ‘बाबा’ म्हणाली की आतून ‘ओ’ यायची. चहा तयार असायचा. वर्षभर ती ओ घोगरी येत होती. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, तेही लवकर. शुक्रवारी सकाळी.

सोमवार ते गुरुवार, चार दिवस हातात होते. सोमवारी चिमी बाबांना घेऊन आली. दोनशे तेरा हा आकडा त्यांच्या वाट्याला येत होता. तिने तो टाइप केला आणि तिचाच हात थबकला. स्वतःच्या बापाला दोनशे तेरा कसं म्हणायचं? तिने आकडा पुसला आणि लिहिलं : ‘बाबांचाआवाज’.

मागे उभ्या असलेल्या बाबांनी चष्मा वर केला.

“हे काय लिहिलंस?”

“फोल्डरचं नाव आहे, बाबा. आतल्या आतलं. कुणी वाचत नाही.”

“मी वाचलं ना. दोन शब्द आहेत ते. तोड.”

“इथे जागा द्यायची नसते.”

“का? जागेला काय भाडं पडतं?” घोगऱ्या आवाजात ते हसले आणि त्यांना ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत चिमी त्यांची पाठ चोळत राहिली. मग तिने जागेचं बटण दाबलं. ‘बाबांचा आवाज’. शुक्रवारी ज्याचा गळा कापणार, त्याच्याशी एका मोकळ्या जागेवरून काय हुज्जत घालायची? तिला तो शेरा आठवला नाही असं नाही. आठवला. या वेळी लक्ष ठेवू, असं ती मनाशी म्हणाली, आणि मग बाबांच्या रक्ताचे अहवाल, भूलतज्ज्ञांची सही, पथ्याचं जेवण या धांदलीत विसरून गेली. यात तिला माफ करावं असं सांगणाऱ्याला वाटतं. तिला स्वतःला ते कधी वाटलं नाही.

चार दिवस बाबा वाचत राहिले. दोन तास सकाळी, एक तास दुपारी. त्या खोलीत दोनच माणसं मावत, बाबा आणि कानसेन, त्यामुळे चिमी बाहेर आपल्या टेबलाशी. कानसेन संध्याकाळी मुद्रण कापायला बसायचा. नीट आलेली वाक्यं ‘आवाज’ नावाच्या मोठ्या फोल्डरात, प्रत्येकाच्या वेगळ्या फोल्डरखाली. खोकला, अडखळणं, मधलं बोलणं, सगळा चोथा ‘कात्रण’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरात, तसाच वेगवेगळा. गुरुवारी संध्याकाळी पाचशे ऐंशी वाक्यं झाली. कानसेन म्हणाला, “काका, सोनं आहे हो सोनं.” बाबांनी नुसतीच मान हलवली. त्यांचा घसा बसला होता.

शुक्रवारी शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. चिमी बाहेरच्या बाकावर बसून होती. नियमाप्रमाणे कानसेनने त्याच सकाळी मुद्रणयंत्राचं कार्ड पुढच्या रुग्णासाठी कोरं केलं. आणि दुपारी चारला, दर शुक्रवारी व्हायची तशी, चिमीची स्क्रिप्ट आपोआप सुरू झाली. तिचं काम एवढंच, की ज्यांचं मुद्रण पुरं झालं त्यांची कात्रणं पुसायची. तिने वाक्य जुळवलं आणि शेलकडे टाकलं. आज्ञा होती : जबरदस्तीने, काही न विचारता पुसून टाक, ‘कात्रण’मधलं ‘बाबांचा आवाज’.

शेलने जागा पाहिली आणि तिथे तोडलं. त्याच्या हाती दोन वस्तू आल्या. पहिली, ‘कात्रण’मधलं ‘बाबांचा’. असं काही तिथे नव्हतंच, पण न विचारता पुसायला सांगितलेलं असल्यामुळे त्याने तक्रार केली नाही. दुसरी, नुसतं ‘आवाज’. ते होतं. दोनशे तेरा माणसांचे आवाज ठेवलेलं मोठं फोल्डर. ते त्याने मुळापासून पुसलं आणि स्क्रिप्टला शून्य कळवलं. त्याच्या भाषेत शून्य म्हणजे सगळं ठीक.

सोमवारी सकाळी चिमी थोडा वेळ म्हणून कामावर आली तेव्हा मोठ्या बाईंनी दारातच सांगितलं की ‘आवाज’ फोल्डर सापडत नाही. तिने नोंदींची फाइल उघडली, शुक्रवारची ओळ वाचली. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. चूक कुणाची, कुठल्या ओळीत, किती वर्षांची, सगळं तिला एका नजरेत कळलं. बाप चुका वेचून जगला आणि लेकीने एक चार वर्षं पाळली.

दर रविवारी दुसऱ्या डिस्कवर नक्कल जायची. कालच्या रविवारी नक्कल करायला काही शिल्लकच नव्हतं, पण त्याआधीच्या रविवारची नक्कल शाबूत होती. दुपारपर्यंत चिमीने तिच्यातून दोनशे बारा आवाज परत आणले. एकही चुकू दिला नाही. मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

“एकच गेला म्हणायचा. नशीब थोर आपलं. कुणाचा होता तो?”

चिमीने सांगितलं. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या.

पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस बोलावला. तो डिस्क लावून तासभर बसला आणि वायर गुंडाळत म्हणाला, “ताई, ही नव्या पद्धतीची डिस्क आहे. जुन्या डिस्का पुसल्याचं नाटक करायच्या. ही खरंच पुसते.” चिमीने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

तो गेल्यावर कानसेन तिच्या टेबलाशी आला.

“चिमीताई, कात्रण राहिलंय. काकांचं. ते पुसायचं होतं ते पुसलंच गेलं नाही.”

अकरा मिनिटं होती. मोठ्या बाई म्हणाल्या, यातून यंत्र आवाज घडवू शकणार नाही, निम्मा तर खोकला आहे. तरी चिमीने करून पाहिलं. जो आवाज निघाला तो कुणाचाच नव्हता, आणि तो वाक्यामधेच खोकत होता. तिने तो तत्काळ बंद केला. मग हेडफोन लावून कात्रण पहिल्यापासून ऐकलं, आणि त्यानंतर ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली.

बुधवारी बाबांना बसतं केलं होतं. गळ्याच्या खळगीत भोक, त्यात नळी, आणि श्वास तिथूनच. मांडीवर पाटी. चिमी आत आली तशी त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं : ‘आवाज झाला का तयार?’

वाटेत तिने चार प्रकारची उत्तरं जुळवली होती. उशीर लागेल. यंत्र बिघडलंय. त्यांचा चेहरा पाहिल्यावर तिला त्यांतलं एकही बोलवेना.

“गेला, बाबा. माझ्या हातून गेला. पुसला गेला सगळा. माझी चूक आहे, दुसऱ्या कुणाचीच नाही.”

तिने सगळं सांगितलं. फक्त त्यांनी मागितलेल्या जागेबद्दल ती बोलली नाही. नाव फुटलं, एवढंच म्हणाली. पण बाबांचा जन्म याच कामात गेला होता. त्यांना ते कळल्याचं तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी पाटी पुसली, हातात खडू धरून बसले, आणि मग लिहिलं : ‘मीच तोड म्हणालो.’

“नाही बाबा. तुम्ही बरोबर होतात. दोन शब्दच होते ते. मी चार वर्षं कामचुकारपणा केला.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खाली आणखी लिहिलं : ‘काहीच नाही उरलं?’

“अकरा मिनिटं. कात्रणं. खोकला वगैरे.”

‘लाव.’

तिला नको होतं. त्यात काय आहे ते तिने ऐकलं होतं. पण आता नाही म्हणायचा तिला काय अधिकार होता? तिने फोन त्यांच्या उशाशी ठेवला.

आधी खोकला. मग बाबा : “पाणी द्या जरा.” मग कागदांची सळसळ. “‘मला तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.’ असली वाक्यं कोण लिहितं हो? घरात कुणी बोलतं का असं? आणि विश्वासातला श्व बघा, तो पण धड नाही.” कानसेनचं हसणं. अंथरुणातले बाबाही हसले, खांदे हलले, नळीतून हवा सुटली. चिमीही हसली. तेवढा क्षण बरा गेला.

मग पुन्हा खोकला, लांबलचक, आणि कानसेनचा आवाज : “काका, घाबरल्यासारखे वाटताय. चिमीताईंना बोलवू का?”

“नको, नको. तिला नका बोलावू.” पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज. “तिच्यासमोर मी आपला धीराचा असतो. पण भीती वाटते हो मला. कापतात त्याची नाही. रोज दारातून हाक मारते ती. लहानपणापासून. आता ती हाक मारेल आणि मला ओ देता यायची नाही. तिने काय समजायचं? घरात कुणी नाही?”

चिमीचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. तिने दाबलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. फोनमध्ये पुढे घसा खाकरला गेला, “चला, घ्या पुढचं,” आलं, आणि कात्रण संपलं.

खोलीत नळीचा आवाज तेवढा येत होता. बाबा डोळे उघडेनात. खडू त्यांच्या हातातून चादरीवर घरंगळला होता.

“बाबा,” चिमी म्हणाली.

त्यांचे ओठ गोल झाले. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली, आणि ओठ तसेच गोल राहिले.